दोन ट्रेलर, दोन ड्रायव्हर, एक बर्थ

ऑगस्ट २०२५ मध्ये नागपुरात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी एका गाडीला हिरवा झेंडा दाखवला. पुढे व्होल्वोचा एफएम ४२० हा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची केबिन-गाडी, त्याच्या मागे २४ फुटी ट्रेलर आणि त्याच्याही मागे ४४ फुटी ट्रेलर. एकूण लांबी २५.२५ मीटर. भारतातली पहिली ‘रोड ट्रेन’ म्हणून तिची बातमी झाली. गाडी डेल्हिवरी या कुरियर-मालवाहतूक कंपनीसाठी, मार्ग नागपूर ते भिवंडी. बहुतेक वाचकांनी फोटो पाहिला, लांबीचं कौतुक केलं आणि पान उलटलं. पण मुलुंड, घाटकोपर, साकीनाका या पट्ट्यात कितीतरी घरांत कुणी ना कुणी टेम्पो, डंपर, आयशर नाहीतर ट्रेलर चालवतो. त्या घरांत या बातमीचा अर्थ वेगळा निघतो. भिवंडी काही लांब नाही. मुलुंड चेकनाका सोडला, माजिवडा ओलांडला, खाडी पार केली की मानकोलीची गोदामं दिसू लागतात. उद्या तिथल्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याने ‘डबल ट्रेलर आहे, डबल ड्रायव्हर पाहिजे, येतोस का?’ असं विचारलं, तर काय सांगायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीच्या लांबीला घाबरू नये, ती शिकून चालवता येते. चौकशी करायची ती सीटमागच्या बर्थची. या नोकरीत पैसा, धोका आणि घरचं सुख या तिन्हींचा हिशेब शेवटी तिथेच लागतो.

पण गाडी समजून घ्यायला हवी, कारण ‘डबल ट्रेलर’ म्हणून जे काही जगात चालतं ते सगळं एका जातीचं नाही. पहिल्या प्रकारात घोड्यामागे एक ट्रेलर असतो आणि दुसरा ट्रेलर त्याला एका छोट्या चाकांच्या गाड्याने जोडलेला असतो. या गाड्याला तिकडे डॉली म्हणतात. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवर २८-२८ फुटांच्या दोन ट्रेलरांना सगळीकडे वाट मोकळी झाली, ते बहुतांशी असे जोडलेले असतात. यात वळणारे सांधे तीन: घोडा आणि पहिला ट्रेलर यांच्यात एक, पहिला ट्रेलर आणि डॉली यांच्यात दुसरा, डॉली आणि दुसरा ट्रेलर यांच्यात तिसरा. दुसऱ्या प्रकारात डॉलीच नसते. पहिल्या ट्रेलरच्या मागच्या चाकांवरच जोडचाक, म्हणजे आपले ड्रायव्हर ज्याला फिफ्थ व्हील म्हणतात ते बसवलेलं असतं, आणि दुसऱ्या ट्रेलरची किंग पिन थेट त्यात अडकते. सांधे दोनच. नागपूर-भिवंडीची गाडी या दुसऱ्या जातीची आहे.

एका सांध्याने काय बिघडतं, असं वाटेल. बरंच बिघडतं. ऐंशीच्या वेगात पुढे कुत्रं आलं आणि ड्रायव्हरने स्टेअरिंग पटकन डावीकडे नेऊन परत उजवीकडे घेतलं, तर घोड्याला बसतो तेवढाच झोका शेवटच्या ट्रेलरला बसत नाही. प्रत्येक सांध्याशी तो वाढत जातो. डॉलीवाल्या अमेरिकी जोडीत शेवटच्या ट्रेलरला बसणारा आडवा झोका घोड्याच्या जवळपास दुप्पट असू शकतो. म्हणजे केबिनमध्ये बसलेल्याला वाटतं, ‘सुटलो’, आणि मागचा डबा त्याच क्षणी कलंडायला लागलेला असतो. त्याला ते सीटमध्ये जाणवतही नाही. आरशात दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. डॉली काढून टाकली की हा वाढीव झोका बराच कमी होतो, शिवाय मागचा ट्रेलर मधल्या ट्रेलरच्या पाठीवर टेकलेला असल्यामुळे कलंडायला एकटा मोकळा नसतो. तेव्हा कुणी ‘डबल’ म्हटलं की पहिला प्रश्न: जोड कशी आहे? त्या उत्तरावर पुढचं पुष्कळ अवलंबून आहे.

२५.२५ हा आकडाही कुणी सहज काढलेला नाही. स्वीडन आणि फिनलंड १९९५ मध्ये युरोपीय संघात गेले तेव्हा त्यांच्याकडे आधीपासूनच लांब गाड्या चालत होत्या. बाकी युरोपात आखूड. मग तोड निघाली की जी डब्यांची मापं सगळीकडे चालतात, ७.८२ मीटर आणि १३.६ मीटर, तीच एकापुढे एक जोडायची. घोडा धरून बेरीज झाली २५.२५ मीटर. व्होल्वो स्वीडिश कंपनी. तिच्या नागपूरच्या गाडीतले २४ फूट आणि ४४ फूट मीटरमध्ये करून पाहा, त्याच मापांच्या जवळ येतात. आपला नेहमीचा ट्रेलर घोड्यासकट अठरा-एकोणीस मीटर असतो. त्याला साधारण सहा-सात मीटरची शेपटी वाढली एवढंच. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात तीन-तीन ट्रेलरांच्या ५३.५ मीटर लांब गाड्या धावतात, त्यांच्यापुढे ही निम्मीसुद्धा नाही.

माल किती बसतो? १४४ घनमीटर. म्हणजे नुसत्या ४४ फुटी ट्रेलरपेक्षा जवळपास दीडपट. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाढते ती जागा, वजन त्या मानाने नाही. एक्सल जेवढं वजन झेलू शकते त्याची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे. २०१८ मध्ये ती वाढवली तेव्हा दोन जोडएक्सलांना १९ टनांऐवजी २१ टन आणि मोठ्यात मोठ्या गाडीला ४९ ऐवजी ५५ टन अशी मुभा मिळाली. सिमेंट, स्टील, साखर वाहणाऱ्याला दुसऱ्या ट्रेलरचा फारसा उपयोग नाही, कारण जागा संपायच्या आत वजन संपतं. उपयोग आहे तो कपडे, चपला, उशा, मिक्सर, डायपर असला फुगीर माल नेणाऱ्यांना. आपण अंधेरीत बसून मोबाइलवर मागवतो तोच माल. म्हणून सुरुवात कुरियरवाल्यांनी केली.

आणि म्हणूनच ही गाडी भिवंडीला थांबते. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चालू होती. तोवर मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या. मुलुंडकरांना त्या रांगेची लांबी सांगायला नको. माल जकातीच्या हद्दीबाहेर साठवावा आणि लागेल तसा आत आणावा, या व्यापारी हिशेबातून भिवंडीच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. जकात गेली, गोदामं राहिली, वाढलीसुद्धा. आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या दारात येणारा माल भिवंडीत मोठ्या गाडीतून उतरतो आणि छोटा हत्ती, पिकअप, चौदा-सतरा फुटी टेम्पोत चढतो. पंचवीस मीटरची गाडी उपनगरात यायचं कारणच नाही. आली तरी मरोळच्या एमआयडीसीतलं वळण घेताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने कापत जातील, आणि कोपऱ्यावरचा पानवाला, त्याची टपरी आणि शेजारचा विजेचा खांब हे तिघेही त्या वाटेत येतील.

रिव्हर्स हा आणखी एक विषय. एका सांध्याचा ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलट फिरवायची सवय हाताला लागायला महिने जातात. दोन सांधे असले की मधला ट्रेलर एका बाजूला वळतो, मागचा दुसऱ्या बाजूला, आणि थोडी चूक झाली की दोन्ही दुमडतात. चांगले ड्रायव्हर काही मीटर सरळ रिव्हर्स घेऊ शकतात; पण शहाणपण हे की जिथे रिव्हर्स घ्यावा लागेल तिथे शिरायचंच नाही. गोदामाला एका फाटकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर अशी वाट हवी, नाहीतर डॉकला लावण्याआधी ट्रेलर सुटे करण्याची मोकळी जागा हवी. भिवंडीतल्या नव्या, मोठ्या लॉजिस्टिक पार्कमध्ये अशी जागा मिळते. जुन्या कंपाउंडमध्ये एक ट्रक वळवताना किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, अजून हात दाखवत ‘आने दो, आने दो’ करतो.

नागपूर-भिवंडी हाच मार्ग निवडण्यामागे समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला उघडला आणि इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. शेवटचा टप्पा उघडल्यावर दोन महिन्यांत लांब गाडी रस्त्यावर आली, हा योगायोग नव्हे. त्याआधी कसारा घाट उतरावा लागे. दोन ट्रेलर घेऊन घाटातली नागमोडी वळणं उतरणं म्हणजे शेजारच्या लेनमध्ये शिरल्याशिवाय वळता न येणं. नव्या टप्प्यात इगतपुरीजवळ पावणेआठ किलोमीटरच्या आसपास लांबीचा जोडबोगदा आहे. घाट पोटातून पार होतो. चढ सौम्य, वळणं मोठ्या त्रिज्येची, समोरून येणारं कुणी नाही. दोन ट्रेलरांना यापेक्षा सोपा रस्ता महाराष्ट्रात नाही. हा सोपेपणाच पुढे त्रास देतो, ते पाहू.

आता घड्याळ काढू. ट्रकला वेगनियंत्रकाने ८० ची मर्यादा. चहा, टोल, जेवण धरून सरासरी ६० पडली असं माना. ७०१ किलोमीटरला पावणेबारा तास. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा सांगत होता की दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्यावर परवानगी घेऊन दहा तास आणि ५४. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता आली, आठ तासांचं माप तिथेही आहे. म्हणजे एकट्या ड्रायव्हरने कायदा पाळला तर नागपूरहून निघालेली गाडी वाटेत कुठेतरी रात्रभर उभी राहणार. दोघे असले तर प्रत्येकी सहा तास. संध्याकाळी सहाला नागपूर सोडलं तर सकाळी सहाला आमणे. गंमत म्हणजे सरकारच्या ई-वे बिलात दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे या अंतराला चार दिवसांची मुदत. सरकार चार दिवस द्यायला तयार आहे. उद्या सकाळचा हट्ट गिऱ्हाइकाचा, म्हणजे तुमचा-आमचा.

दुसरा ड्रायव्हर ही काही नवी कल्पना नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९० वा नियम म्हणत असे की नॅशनल परमिटच्या गाडीवर किमान दोन ड्रायव्हर असले पाहिजेत आणि ड्रायव्हरच्या मागे केबिनच्या पूर्ण रुंदीचं आसन असलं पाहिजे, दुसऱ्याला अंग पसरून झोपता यावं म्हणून. नियम चांगला होता. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांवर एक ड्रायव्हर आणि एक किन्नर असे. किन्नर अठरा-वीस वर्षांचा पोरगा, रस्ता मोकळा मिळाला की उस्तादाच्या देखरेखीखाली गाडी हाकणारा. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने दोन ड्रायव्हरांची सक्तीच काढून टाकली. त्याच सुमारास फास्टॅग आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारं उपकरण सक्तीचं केलं. हे उपकरण गाडी कुठे आहे ते सांगतं, चाकामागे कोण आहे आणि तो किती तास जागा आहे ते नाही. मला ही अदलाबदल तोट्याची वाटते. आता कंपनी दोन ड्रायव्हर ठेवते ती कायद्यासाठी नाही, गाडी थांबू नये म्हणून. दोन्ही कारणांनी दुसरा माणूस केबिनमध्ये येतो खरा, पण पहिल्या कारणात त्याच्या झोपेला हक्क होता, दुसऱ्यात ती कंपनीच्या मर्जीवर आहे.

झोपेबद्दल शास्त्राला जे ठाऊक आहे ते ड्रायव्हर लोकांनाही ठाऊक असतं, फक्त ते आकड्यांत सांगत नाहीत. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकं ढिलं पडतं, असं नव्वदच्या दशकाच्या शेवटी झालेल्या प्रयोगांत दिसलं. आपल्याकडे दारूची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर चाकामागे बसलेला, एक थेंबही न घेतलेला माणूस कायद्याच्या भाषेतल्या दारुड्यापेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो, आणि नाकाबंदीतल्या फुंकणीत ते उमटत नाही. त्यात पहाटे दोन ते सहा ही शरीराची सर्वांत जड वेळ. दिवसा भरपूर झोपलेल्यालाही ती सोडत नाही. त्यात समृद्धीसारखा सरळ, एकसुरी रस्ता, ज्यावर तासभर गिअर बदलावा लागत नाही. घाटात माणूस झोपत नाही, भीतीने जागा राहतो. सरळ रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी पेंग येते.

जोडीतला दुसरा यावर उपाय आहे, पण अर्धाच. चालत्या गाडीतली झोप घरच्या झोपेसारखी नसते. ती तुटक असते, गाढ टप्पा कमी मिळतो. रस्त्याचे सांधे, हॉर्न, ब्रेकचा हिसका, आणि मनात कुठेतरी ‘हा नीट चालवतोय ना’ ही धाकधूक. जुनी जोडी असली तर धाकधूक कमी, नवी असली तर झोपच नाही. शिवाय उठल्या उठल्या पंधरा मिनिटं ते अर्धा तास डोकं जागं झालेलं नसतं. सिन्नरच्या आसपास गाडी बाजूला घेऊन ‘ऊठ रे, तुझी पाळी’ म्हटल्यावर जो माणूस खाली उतरतो, तोंडावर पाणी मारतो, चहा पितो आणि वीस मिनिटांनी चाक धरतो, तो आळशी नसतो, त्याला काम कळलेलं असतं. ही वीस मिनिटं वेळापत्रकात धरली आहेत का, हे नोकरी देणाऱ्याला विचारायला हरकत नाही.

बर्थकडे पाहण्याच्या जगात दोन तऱ्हा आहेत. अमेरिकेत ड्रायव्हर १४ तासांच्या खिडकीत ११ तास चालवू शकतो आणि मग दहा तास सुट्टी. ती सुट्टी चालत्या गाडीच्या बर्थवर घेतली तरी चालते. म्हणून तिथल्या जोड्या गाडी जवळपास अखंड चालवतात, काही दिवसांत देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. युरोपात दिवसाला नऊ तास, साडेचार तासांनी ४५ मिनिटांचा थांबा, आणि जोडीला ३० तासांत सलग नऊ तासांची विश्रांती. पण ती विश्रांती गाडी उभी असेल तरच मोजली जाते. चालत्या गाडीत पडून राहिलात तर तो छोटा थांबा म्हणून चालेल, रात्रीची झोप म्हणून नाही. कोण कधी चालवत होतं याची नोंद गाडीतलं यंत्र प्रत्येक ड्रायव्हरच्या कार्डावर ठेवतं. मला युरोपचा हिशेब पटतो. आपल्या जुन्या नियमाने झोपायची जागा दिली होती, गाडी उभी ठेवा असं म्हटलं नव्हतं. आता जागेचा आग्रह धरणारा तो नियमही नाही.

पैशाचा हिशेब लोक पगारापासून सुरू करतात, तो किलोमीटरपासून करावा. समजा एकटा ड्रायव्हर असताना गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर धावते आणि जोडी असताना १४,०००. कंपनी किलोमीटरमागे ड्रायव्हर-खर्चाचा दर तोच ठेवून दोघांत वाटते असं समजा. तुमच्या वाट्याला ७,००० किलोमीटरचे पैसे आले. गाडी जवळपास दुप्पट धावली आणि तुमची कमाई एकट्यापेक्षा घटली! वर महिन्यातले जास्त दिवस घराबाहेर गेले. जोडीच्या नोकरीत दर एकट्याच्या दरापेक्षा वरचा नसेल तर ती घाट्याची आहे. त्यात दुसऱ्या ट्रेलरची भर. माल दीडपट गेला, तो ओढायला ड्रायव्हर तेवढेच; कंपनीची बचत कुठून होते हे उघड आहे, आणि तिच्यातला काही हिस्सा मागणं गैर नाही. फिक्स पगार, ट्रिपचा भत्ता, हॉल्टिंगचे पैसे हे वेगवेगळे विचारावेत. विशेषतः हॉल्टिंग. भिवंडीत डॉक मिळेपर्यंत सहा तास उभं राहावं लागलं तर एकट्याचे सहा तास जातात, जोडीचे बारा.

इथे तिसरा मार्गही आहे, आणि राहणारा मुलुंडचा असेल तर माझ्या मते तोच बरा. गुरुग्रामच्या रिविगो या कंपनीने २०१४ पासून रिलेची पद्धत चालवली: ड्रायव्हरने चार-पाच तास चालवायचं, ठरलेल्या ठाण्यावर गाडी दुसऱ्याच्या हवाली करायची, उलट दिशेने येणारी गाडी घेऊन त्याच दिवशी घरी परतायचं. गाडी थांबत नाही, माणूस थांबतो. पुढे २०२२ मध्ये महिंद्रा लॉजिस्टिक्सने तिचा एक्स्प्रेस व्यवसाय घेतला. व्यवसाय म्हणून ती पद्धत किती फायद्याची, यावर वाद घालता येईल, पण ड्रायव्हरच्या झोपेसाठी तिच्याहून चांगली रचना मला माहीत नाही. समृद्धीवरही ती बसू शकते. जालना-संभाजीनगरच्या पट्ट्यात अर्धी वाट होते. भिवंडीचा ड्रायव्हर तिथपर्यंत, नागपूरचा तिथून पुढे, आणि दोघेही तिथे झोप काढून परत आपापल्या घरी. अडचण एकच: दोन्ही बाजूंच्या गाड्या वेळेवर जुळायला हव्यात, आणि त्यासाठी कंपनीकडे गाड्याही भरपूर हव्यात. पाच ट्रेलरांच्या मालकाला हे जमत नाही, त्याला जोडीच परवडते.

जोडीच हाती आली तर ती कुणाबरोबर, हे पगाराइतकंच महत्त्वाचं. बारा तास एका केबिनमध्ये, तेही झोपेत आपला जीव त्याच्या हातात देऊन. पाहण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. तो ब्रेक कसा लावतो. मागे कुणी झोपलं आहे हे त्याच्या ध्यानात असतं का. पहाटेची पाळी नेहमी नव्याच्या गळ्यात मारतो की आळीपाळीने घेतो. पेंग आली तर कबूल करून गाडी बाजूला घेतो, की खिडकी उघडून गाणी मोठी करतो. गावचा किंवा नात्यातला माणूस असला की जोडी जमते असा समज आहे. तो निम्मा खरा. भाऊबंदकीचं भांडण केबिनमध्ये आलं तर उतरायला जागा नसते. आमच्याकडे घाटकोपरला ‘भावाबरोबर धंदा कर, गाडी नको’ असं म्हणणारे मेकॅनिक भेटतात; ते उगाच म्हणत नसावेत.

आता कागदपत्रं, जी सगळे शेवटी पाहतात. ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. आठवी पास असण्याची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा सुटलेल्यांची एक अडचण गेली. ट्रान्सपोर्ट लायसन्स आता पाच वर्षं चालतं. मुलुंड, घाटकोपरवाल्यांना त्यासाठी वडाळ्याला एमएच-०३ च्या कार्यालयात जावं लागतं, अंधेरीकरांचं एमएच-०२, बोरिवलीकरांचं एमएच-४७. अमेरिकेत दोन ट्रेलर ओढायला लायसन्सवर वेगळी नोंद आणि वेगळी परीक्षा लागते. इथे कंपनी लांब गाडीवर बसवण्याआधी किती दिवस शिकवणार आणि कोण शिकवणार, हे आपणच विचारायचं. ‘चालवत चालवत शिकशील’ हे उत्तर टेम्पोला ठीक आहे. भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था १९६७ पासून आहे; ड्रायव्हर शिक्षण हा तिथे रीतसर विषय आहे.

विम्याचा कागद मागून पाहावा. पगारी ड्रायव्हरांची जोखीम धरली असेल तर ती दोघांची धरली आहे का? पॉलिसी एका ड्रायव्हरची आणि केबिनमध्ये दोन, असं असेल तर बर्थवर झोपलेला माणूस कागदावर कुणीच नाही. नेमणुकीचं पत्र दोघांनाही वेगवेगळं हवं. अपघाताच्या वेळी चाक कुणाच्या हातात होतं हा पोलिसांचा पहिला प्रश्न असतो. नव्या न्याय संहितेतल्या कलम १०६ (२) मध्ये अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ट्रकवाल्यांनी संप केला आणि मुंबईत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या; ते कलम सरकारने लागू करायचं थांबवलं. पण ते असो वा नसो, जोडीच्या गाडीत पाळी बदलल्याची वेळ आणि जागा एका वहीत, दोघांच्या सहीने लिहून ठेवावी. यंत्र ती ठेवत नाही, तर हाताने. मोबाइलवर एकमेकांना संदेश पाठवला तरी चालतो, त्यात वेळ आपोआप पडते.

केबिनमध्ये चढून पाहावं ते शेवटचं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. त्याआधीची गाडी असेल तर मे महिन्यात विदर्भातली दुपार बर्थवर कशी जाईल याचा विचार आपला आपण करावा, कारण संध्याकाळी चालवायचं तर झोप दुपारची. बर्थची लांबी अंगाला पुरते का, गादी केवढी, पडदा प्रकाश अडवतो का, आणि मुख्य म्हणजे झोपलेल्याला धरून ठेवणारा पट्टा किंवा जाळी आहे का. जोरात ब्रेक लागला की बर्थवरचा माणूस काचेपर्यंत येतो. आपल्याकडच्या बऱ्याच केबिनमध्ये पुढच्या दोन सीटना पट्टे असतात, मागे नुसती फळी आणि गादी. आणि जमलं तर सही करण्याआधी एक फेरी नुसतं बसून करावी, चाक न धरता: जाताना बर्थवर, येताना शेजारच्या सीटवर. बर्थवर झोप लागली का, आणि शेजारी बसून पहाटे चारला त्या ड्रायव्हरकडे बघताना कसं वाटलं, एवढं कळलं की पगाराची बोलणी करायला जाता येतं.